लाइव्ह शोमध्ये क्लासच्या युक्त्या वापरताय? या चुका टाळा

मी आधी ऑनलाइन क्लास घ्यायचे, आता लाइव्ह क्विझ शो करते. मधूनच प्रश्न टाकणं, पोल, छोटे टप्पे, नावानं हाक मारणं या क्लासमधल्या युक्त्या शोमध्येही चालतील असं मी धरून चालले होते. चॅट थंडच. युक्त्या वाईट नव्हत्या. मी त्यांचा वरवरचा भाग तेवढा उचलला होता.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्न विचारून न थांबणं. एकदा मी एक धून वाजवून विचारलं, ‘यात कोणतं वाद्य आहे?’ मनात दोन आकडे मोजले, शांतता खायला उठली आणि मीच सांगून टाकलं, ‘क्लॅरिनेट!’ मग चॅटमध्ये उत्तरं पडायला लागली: क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, क्लॅरिनेट. बिचाऱ्यांनी स्वतःच्या कानानं ओळखलं होतं, पण पडद्यावर ते सगळे कॉपी केल्यासारखे दिसत होते. पुढच्या प्रश्नाला कोण कशाला उत्तर देईल?

वर्गातही हे होतंच. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवलं होतं. लाइव्हमध्ये तर तीन सेकंदही पुरत नाहीत. तुमचं बोलणं प्रेक्षकापर्यंत उशिरा पोचतं, त्यानंतर तो विचार करणार, मग टाइप करणार. हा उशीर मोजणं सोपं आहे. सेकंदकाटा असलेलं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरा आणि तोच शो फोनवर लावा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा उशीर. त्यात आणखी दहा सेकंद मिळवा आणि तेवढं थांबा. गप्प बसायची गरज नाही, पर्यायांवर गप्पा मारा, फक्त उत्तर फोडू नका. यूट्यूबवर लेटन्सी (या उशिराची सेटिंग) ‘अल्ट्रा-लो’ केली तर उशीर घटतो, पण काहींना व्हिडिओ अडकत दिसू शकतो. मी ‘लो’वर ठेवते.

पोलचंही तसंच. क्लासमध्ये निम्मी मुलं चुकली तर शिक्षक मागे जाऊन पुन्हा समजावतो, म्हणजे मतांमुळे पुढचं काहीतरी बदलतं. शोमध्ये मात्र ‘वा, ‘ब’ला जास्त मतं!’ म्हणायचं आणि आधीच ठरलेलं करायचं. लोकांना हे दोन पोलमध्ये कळतं. दोन्ही निकालांसाठी पुढचा भाग तयार नसेल तर पोल घेऊच नका.

मग तो ‘सहा मिनिटांचा नियम’, म्हणजे सगळं सहा मिनिटांच्या टप्प्यांत कापायचं. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. पण ती अभ्यासक्रमाची व्याख्यानं होती! गेमिंगचे लाइव्ह लोक तासन् तास बघतात. त्यामुळे शो कापत बसू नका. उशिरा आलेल्याला मिनिटभरात धागा सापडतोय ना, एवढं बघा.

न बोलणाऱ्याला नावानं हाक मारू नका. क्लासमध्ये हजेरी असते, इथे माणूस मुद्दाम मागच्या बाकावर येऊन बसलेला असतो. ज्यानं काही लिहिलंय, त्याचंच नाव घ्या. आणि ‘आज आपण काय काय बघणार आहोत’ ही क्लासची सुरुवात तर काढूनच टाका, थेट पहिल्या प्रश्नानं सुरू करा.

शेवटी रिटेन्शनचा आलेख, म्हणजे व्हिडिओचा कोणता भाग किती बघितला गेला ते दाखवणारी रेघ. शिकवणीच्या व्हिडिओत मध्येच उंचवटा दिसला की मी समजायचे, तो भाग अवघड गेला म्हणून मुलांनी पुन्हा बघितला. शोमध्ये तसाच उंचवटा दिसल्यावर मी खूश झाले, विनोद जमला म्हणून. हेडफोन लावून ऐकलं तर माइकवर माझी ओढणी घासत होती. वाक्य कळलं नाही म्हणून लोक मागे जात होते.