पुढच्या दातांचं जुनं फिलिंग बदलायला जाण्याआधी

पुढच्या दातातलं फिलिंग पिवळं पडलं, कडेनं तपकिरी रेघ दिसू लागली की वाटतं, सगळं काढून नवीनच भरून घ्यावं. पण अपॉइंटमेंट घेण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून ठेवा: हे काढायलाच हवं का, की पॉलिश किंवा डागडुजी करून भागेल? कडेचा डाग म्हणजे कीडच असते असं नाही, पुष्कळदा तो नुसता चहा-तंबाखूचा असतो. फिलिंगचा रंग दातासारखाच असल्यामुळे ते नेमकं कुठं संपतं हे पटकन दिसत नाही. त्यामुळे ते काढताना थोडा चांगला दातही घासला जातो आणि गेलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येत नाही. म्हणून डॉक्टर भिंग किंवा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च वापरतात का, हे मोकळेपणानं विचारा. त्या उजेडात बरीच फिलिंग दातापेक्षा वेगळी दिसतात. कॅप सुचवली तर त्यासाठी दात किती घासावा लागेल, हेही विचारा.

जुने एक्स-रे असतील तर बरोबर घ्या, आणि दात छान दिसत होते तेव्हाचा हसरा फोटोही. रक्त पातळ करणारी गोळी, ॲलर्जी, गरोदरपण, रात्री झोपेत दात खाण्याची सवय, यातलं काही असेल तर आधीच सांगा. दात खाणाऱ्यांचं नवीन फिलिंगही लवकर तुटतं.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी क्लिनिंग करून घ्या आणि हिरड्या बऱ्या होईपर्यंत थांबा. रक्त किंवा लाळ लागली की फिलिंग दाताला नीट चिकटत नाही. ते लागू नये म्हणूनच रबर डॅम, म्हणजे दाताभोवती बसवायचा रबराचा पातळ पडदा, लावतात. मिश्री लावत असाल तर ती सोडण्याची हीच वेळ. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर तेही आधीच करा, कारण ब्लीचिंगनं फिलिंगचा रंग उजळत नाही. ब्लीचिंगनंतर साधारण दोन आठवडे जाऊ द्या. तोवर रंग स्थिरावतो आणि चिकटण्यात अडथळा आणणारा ऑक्सिजनही दातातून निघून जातो.

शक्यतो दिवसाउजेडीची वेळ मागा. पोटभर खाऊन, दात घासून, लिपस्टिक न लावता जा. दुखतंय म्हणून लवंगेचं तेल लावू नका, लावलं असेल तर सांगा. त्यातलं युजेनॉल फिलिंग कडक होऊ देत नाही. खुर्चीत बसल्यावर शेड, म्हणजे फिलिंगच्या रंगाची छटा, सगळ्यात आधी ठरली पाहिजे, दात ओला असतानाच. तोंड उघडं राहून दात सुकला की तो खडूसारखा पांढरट दिसतो आणि त्यावरून निवडलेली शेड दुसऱ्या दिवशी फसते. निवडलेल्या मटेरियलचा छोटा ठिपका दातावर कडक करून दाखवायला सांगा. तो न चिकटवता लावलेला असतो, त्यामुळे लगेच निघतो.

उठण्याआधी चावून बघा. दोन दातांमधून फ्लॉस फिरवून घ्या; दोरा अडकला किंवा पिंजला तर कड तिथल्या तिथे गुळगुळीत करून मागा.