कॉन्ट्रास्ट देताना या चुका टाळा

स्कॅनमध्ये शिरा आणि अवयव उठून दिसावेत म्हणून बहुधा शिरेतून देतात ते औषध म्हणजे कॉन्ट्रास्ट, आणि ते वेगानं ढकलणारं यंत्र म्हणजे इंजेक्टर. त्याचं बटण दाबायला कुणीही दोन दिवसांत शिकतं. स्कॅन बिघडतो किंवा पेशंटला त्रास होतो तो बहुतेक वेळा त्याआधीच्या दहा मिनिटांतल्या कामामुळे, आणि नवख्यांना नेमकी तीच दहा मिनिटं वाचवायची असतात.

पल्मनरी अँजिओत ‘खोल श्वास घ्या’

फुप्फुसाच्या (पल्मनरी) धमनीत गुठळी आहे का हे बघायला केलेला स्कॅन यामुळे हमखास वाया जातो, आणि दोष दुसऱ्याच गोष्टीवर ढकलला जातो. प्रसंग ठरलेला असतो. रात्रीची वेळ, धाप लागलेला पेशंट. कोपराच्या खळग्यात १८ गेजचा कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी; गेजचा आकडा जितका लहान तितकी नळी जाड), ८० मिलि कॉन्ट्रास्ट, सेकंदाला ५ मिलि, मागून ४० मिलि सलाइन, कॉन्ट्रास्ट पोचलं की स्कॅन सोडणारं ट्रॅकिंगचं वर्तुळ मुख्य पल्मनरी धमनीवर. सगळं चोख. मग मशीनमध्ये भरून ठेवलेली सूचना वाजते, ‘खोल श्वास घ्या, रोखून धरा’, आणि धापेनं हैराण झालेला माणूस जिवाच्या आकांतानं श्वास ओढतो. चित्रात धमनी जेमतेम १२० हाउन्सफील्ड (सीटीवरचा उजळपणा मोजायचं एकक). टेक्निशियन म्हणतो, ‘स्कॅन लवकर सुटला’, डिले, म्हणजे स्कॅन सुटण्याआधीचा थांबा, वाढवतो, आणखी ८० मिलि देतो. सूचना तीच वाजते, चित्रही तेच येतं.

खोल श्वासानं छातीतला दाब झपकन उतरतो आणि पोटाकडून इन्फिरिअर व्हेना केव्हातलं कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त मोठ्या प्रमाणात उजव्या कर्णिकेत शिरतं. हाताकडून आलेलं कॉन्ट्रास्ट तिथे पातळ होतं आणि काही सेकंद पातळच पुढे जातं. ओळखायची खूण सोपी आहे: हाताकडचं रक्त आणणारी सुपीरिअर व्हेना केव्हा लखलखीत, महाधमनीही भरलेली, पण मधली पल्मनरी धमनी फिकी. स्कॅन खरंच लवकर सुटला असता तर महाधमनी भरलेली दिसलीच नसती. हे न बघता डिले वाढवणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे कारभार.

म्हणून या तपासणीत भरून ठेवलेली सूचना बंद ठेवावी आणि स्वतः बोलावं: ‘आहे तिथेच श्वास थांबवा.’ इंजेक्शनच्या आधी हे दोनदा करून घ्यावं आणि पेशंट बळ लावत नाही ना ते छातीकडे बघून तपासावं. कुंथून श्वास रोखला तर उलटाच घोळ होतो, दाब वाढतो आणि कॉन्ट्रास्ट छातीच्या दारातच अडतं. ज्याला श्वास थांबवणं जमतच नाही त्याला संथ श्वास घेऊ द्यावा. हालचालीनं थोडं धूसर झालेलं चित्र रिकाम्या धमनीपेक्षा परवडतं.

‘कॅन्युला आहे ना, मग चालेल’

नाही चालत. वॉर्डातून आलेला, दोन दिवस जुना, हाताच्या पाठीवरचा २२ गेजचा कॅन्युला औषधं द्यायला ठीक असतो. त्यातून सेकंदाला ५ मिलि ढकललं की शीर फुटते. ४-५ मिलिच्या वेगाला २० गेज किंवा त्याहून जाड, आणि जागा कोपराच्या खळग्यातली किंवा हाताच्या वरच्या भागातली मोठी शीर. २२ गेजच मिळाला तर वेग ३ मिलिपर्यंत उतरवा आणि प्रोटोकॉल त्याप्रमाणे बदला. कोपरात एकदा सुई फसली असेल तर त्याच शिरेत खाली मनगटाकडे कॅन्युला टाकू नका, वरच्या भोकातून गळतं. साध्या पिक लाइनला (दंडातून हृदयाजवळ नेलेल्या लांब नळीला) पॉवर इंजेक्टर जोडू नका. ज्या लाइनवर तशी परवानगी छापलेली असते तीच तो दाब सहन करते.

सिरिंजनं हातानं ५ मिलि सलाइन ढकलून ‘लाइन चालू आहे’ म्हणणं ही आळशी चाचणी आहे. स्कॅनमध्ये हात डोक्यावर असतात, म्हणून हात डोक्यावर नेऊन, इंजेक्टरनंच, खऱ्या वेगानं २० मिलि सलाइन द्यावं आणि सुईच्या टोकाच्या किंचित वर दोन बोटं टेकवून ठेवावीत. फुगवटा आधी बोटांना कळतो, स्क्रीनवर दाबाचा आलेख नंतर चढतो. कॉन्ट्रास्ट ३७ अंशांपर्यंत गरम केलेलं असावं. ३५० तीव्रतेच्या आयोहेक्सॉल या कॉन्ट्रास्टची चिकटाई २० अंशांना सुमारे २० सेंटिपॉइज असते, ३७ अंशांना साधारण निम्मी. गार बाटली लावून ‘दाब का वाढतोय’ असं विचारणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत.

तरीही गळलंच, तर इंजेक्शन थांबवा, हात हृदयाच्या वर उचला, थंड पट्टी ठेवा, सुजेच्या कडेनं पेनानं रेघ काढा आणि काही तास नजर ठेवा. सूज रेघ ओलांडते, वेदना वाढते, बोटांना मुंग्या येतात, नखांचा रंग परतायला वेळ लागतो किंवा फोड येतात, यातलं काहीही दिसलं की लगेच सर्जनला बोलवा. ‘फक्त ३० मिलि गेलं’ हा दिलासा नव्हे.

‘आयोडीनची ॲलर्जी’

सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं म्हणून विचारला जाणारा हा प्रश्न फॉर्मवरून खोडून टाका. आयोडीन शरीरात थायरॉइडला लागतंच. कोळंबी खाऊन अंगावर गांधी उठतात त्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे, आणि पोव्हिडोन आयोडीन लावून त्वचा लाल होणं हा वेगळाच विषय. यांपैकी कशामुळेही कॉन्ट्रास्ट नाकारू नका. विचारायचं ते हे: आधी कॉन्ट्रास्ट दिलं होतं का, कोणतं, काय झालं, किती वेळात? आधी रिॲक्शन आली असेल तर शक्य असल्यास दुसरं कॉन्ट्रास्ट निवडा. स्टेरॉइड द्यायचं ठरलं तर प्रेडनिसोलोन ५० मिग्रॅ १३, ७ आणि १ तास आधी, हा नेहमीचा क्रम. स्कॅनच्या टेबलावर हायड्रोकॉर्टिसोन टोचून लगेच कॉन्ट्रास्ट देणं म्हणजे वरातीमागून घोडं. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडलाही किमान ४-५ तास लागतात.

आणि रक्तदाब कोसळला, घसा आवळला, छातीत शिट्टी वाजू लागली, तर पहिलं औषध ॲड्रिनलिन: १ मिलित १ मिग्रॅ असलेल्या ॲम्प्यूलमधून प्रौढाला ०.३ ते ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड नंतर. उलट क्रमानं जाणाऱ्यांना ॲड्रिनलिनची भीती वाटते, पण वाया गेलेल्या मिनिटांची वाटत नाही.

क्रिएटिनिनचा एकटा आकडा

मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, क्रिएटिनिन, १.२. पंचविशीच्या पुरुषाचा ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) साधारण ८६ निघतो, पंच्याहत्तरीच्या बाईंचा ४७. रिपोर्टवर दोन्ही ‘जवळपास नॉर्मल’. ईजीएफआर काढायला अर्धं मिनिट लागतं, तो काढाच. शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट द्यायचं असेल तर खरी काळजी ३०च्या खाली आणि मूत्रपिंडाला नुकतीच इजा झालेली असताना. तेव्हा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) थांबवा आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन बघून सुरू करा. बाकी सरसकट सगळ्यांचं मेटफॉर्मिन बंद करून साखर चढवून घेण्यात कसलीच खबरदारी नाही.

गॅडोलिनियमचे मिलिलिटर

एमआरआयच्या या कॉन्ट्रास्टचा नेहमीचा डोस किलोमागे ०.१ मिलिमोल. बहुतेक बाटल्या ०.५ मोलरच्या (लिटरमध्ये ०.५ मोल), म्हणजे किलोमागे ०.२ मिलि. गॅडोब्युट्रॉल मात्र १ मोलर, म्हणजे ०.१ मिलि. ७० किलोच्या माणसाला एकाचे १४ मिलि, दुसऱ्याचे ७. ब्रँड बदलला आणि हाताची सवय तीच राहिली की डोस दुप्पट. बाटलीवरची मोलॅरिटी मोठ्यानं वाचा, वेडपट दिसलं तरी चालेल. डायलिसिसवरच्या पेशंटला गॅडोडायमाइडसारखं जुनं लिनिअर कॉन्ट्रास्ट देऊ नका. २००६ पासून त्याचा संबंध त्वचा दगडासारखी करणाऱ्या एनएसएफ (नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस) या आजाराशी जोडला गेला आहे.

एकेका ओळीत

आतड्यातला रक्तस्राव शोधायच्या सीटीला पांढरं दिसणारं तोंडी कॉन्ट्रास्ट दिलं तर जे शोधायचं तेच झाकतं.

आतड्याला भोक असल्याचा संशय असेल तर बेरियम नको, पाण्यात विरघळणारं द्या. पण ठसका लागून फुप्फुसात जाण्याची भीती असेल तर त्यातलंही जास्त ऑस्मोलॅलिटीचं (पाणी जास्त ओढून घेणारं) टाळा.

स्तनपान बंद करायला सांगू नका, बाळाच्या रक्तात पोचतं ते आईच्या डोसच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी.

यकृताच्या गाठीसाठी इंजेक्शननंतरचा फक्त ७० सेकंदांचा टप्पा घेतलात तर ३५-४० सेकंदांना उजळणारी गाठ हातची जाते.

थायरॉइडचा आयोडीन स्कॅन ठरला असेल तर तो आधी, सीटी नंतर. उलट झालं तर थायरॉइडचा स्कॅन काही आठवडे लांबतो.

मायलोग्राफीच्या (कण्यातल्या द्रवात कॉन्ट्रास्ट सोडून करायच्या तपासणीच्या) ट्रेवर लेबल नसलेली सिरिंज दिसली की ती फेकून द्या, आत काय आहे हे भरणाऱ्याला आठवत असलं तरी. पाठीच्या कण्यातल्या द्रवात चुकून आयनिक कॉन्ट्रास्ट गेलं तर झटके येतात आणि जीवही जातो.