एकाच वेळी अनेक वस्तू नजरेने कशा शोधाव्यात

पसारा असलेल्या टेबलावर किल्ली, पेनड्राइव्ह आणि चष्मा एकदमच शोधायचे असतील, तर आधी हात आवरावा आणि प्रत्येक वस्तू दिसते कशी, हे नेमके आठवावे. नुसत्या 'किल्ली' या शब्दापेक्षा लाल फीत बांधलेल्या किल्लीचे चित्र उपयोगी पडते, कारण रंग, आकारमान आणि दिशा यांवरूनच मेंदू नजर पुढे कुठे वळवायची ते ठरवत असतो.

त्यानंतर दिसण्यावरून गट पाडावेत. पेनड्राइव्हही लाल असेल तर तो किल्लीबरोबर एकाच फेरीत शोधावा. पारदर्शक काचांच्या आणि बारीक काड्यांच्या चष्म्यासाठी मात्र वेगळी फेरी घ्यावी. प्रवाशांच्या सामानाच्या क्ष-किरण प्रतिमांवर झालेल्या प्रयोगांत धातूची शस्त्रे आणि स्फोटके एकत्र शोधताना अचूकता घटल्याचे दिसले आहे. दोन फेऱ्या म्हणजे वेळेचा अपव्यय, असे वाटते खरे, पण तो बहुधा भ्रम असतो.

यादी लांबली म्हणून धास्तावू नये. दृष्टीचे अभ्यासक जेरेमी वुल्फ यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी शंभरपर्यंत वस्तू आधी पाठ करून त्यांपैकी एखादी चित्रात शोधली, तेव्हा समोरच्या वस्तूंच्या संख्येबरोबर लागणारा वेळ सरळ प्रमाणात वाढला; यादीच्या लांबीबरोबर मात्र तो लॉगॅरिदमच्या मंद चालीने वाढला, म्हणजे यादी दर वेळी दुप्पट झाली तरी वेळात सारखीच थोडी भर पडली. म्हणून यादी छाटण्याआधी पसारा कमी करावा.

नजर फिरवताना पट्टे पाडून फिरवावी. हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा दिसणारा भागच डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतो, बाकीचे सारे अंदाजाने.

खरी फसगत पहिली वस्तू सापडल्यावर होते. क्ष-किरण तज्ज्ञांना प्रतिमेत एक दोष आढळला की दुसरा निसटण्याची शक्यता वाढते, हे १९६० च्या दशकापासून नोंदलेले आहे. एक सापडल्याच्या समाधानाने शोध लवकर थांबवणे हे त्याचे एकच कारण नाही; सापडलेली वस्तूही स्मृतीत जागा अडवून बसते, आणि तिच्यासारख्याच वस्तू मग चटकन डोळ्यांत भरू लागतात. म्हणून किल्ली मिळताच ती खिशात टाकावी, उरलेल्या वस्तूंची नावे पुटपुटावीत आणि टेबलाच्या ज्या कोपऱ्यापासून सुरुवात केली होती तिथूनच पुन्हा पाहू लागावे.