चार ओळींची इंग्रजी कविता: आधी रसग्रहण, मग डायरी

राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत रसग्रहणाला ५ गुण असतात. शीर्षक आणि कवीचं नाव बहुतेकांना येतं. गळती होते ती यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पनेत. सरावाला या चार ओळी घ्या:

द विंड इज नॉकिंग ऑन माय डोअर,
इट वॉन्ट्स टू डान्स अक्रॉस द फ्लोअर;
द लॅम्प गोज आउट, द नाइट इज डीप,
अँड ओन्ली आय कॅनॉट फॉल अस्लीप.

पेन्सिल बाजूला ठेवून दोनदा मोठ्यानं वाचा. यमक कानानं ठरतं, स्पेलिंगनं नाही. 'हाय' आणि 'स्काय' यांचं स्पेलिंग वेगळं, तरी यमक जुळतं. 'लव्ह' आणि 'मूव्ह'ची शेवटची तीन अक्षरं तीच, तरी जुळत नाही. वर डोअर–फ्लोअर आणि डीप–अस्लीप अशा जोड्या आहेत, म्हणून रचना ए-ए-बी-बी.

अलंकाराचं नुसतं नाव लिहून भागत नाही. नाव, ओळ आणि कारण, तिन्ही हवीत. इथे वारा दार ठोठावतो, त्याला नाचायचं आहे. माणसाचं वागणं वाऱ्याला दिलंय, म्हणून पर्सॉनिफिकेशन. अ‍ॅलिटरेशन म्हणजे जवळजवळच्या शब्दांची सुरुवात एकाच ध्वनीनं होणं. ते शोधताना मुलं हमखास अक्षराला फसतात. 'कोल्ड सिटी' दोन्ही सी-नं सुरू होतात, पण उच्चार क आणि स. तिथे अ‍ॅलिटरेशन नाही. उलट 'काइट' आणि 'कॅट'मध्ये अक्षरं वेगळी असूनही आहे.

मध्यवर्ती कल्पना म्हणजे गोष्ट पुन्हा सांगणं नव्हे. 'वारा येतो आणि दिवा विझतो' हा झाला सारांश. 'बाहेर वारा खेळायला उत्सुक आहे आणि आत एक जीव एकटाच जागा आहे' ही कल्पना. दोन-तीन वाक्यं पुरतात. लिहिताना 'द पोएट कॅनॉट स्लीप' असं लिहू नका, 'द स्पीकर' म्हणा. कवितेतला 'मी' कवीच असेल असं नाही.

आता हाच 'मी' रात्री डायरी लिहितोय असं धरा. अशी कृती पाठाखाली पुष्कळदा येते. वर तारीख, वार आणि वेळ, मग 'डिअर डायरी', शेवटी फक्त नाव. पत्ता, विषय आणि 'युवर्स फेथफुली' हे पत्रातलं सामान इथे आणायचं नाही. घडून गेलेलं भूतकाळात, आत्ता वाटतंय ते वर्तमानकाळात. सकाळी दात घासल्यापासून सुरुवात केली की शब्द संपतात आणि मुद्दा राहून जातो. सरळ दाराच्या आवाजापासून सुरू करा. 'आय वॉज व्हेरी स्केअर्ड' असं तीनदा लिहिण्यापेक्षा 'आय पुल्ड द ब्लँकेट ओव्हर माय हेड' हे एकदाच लिहा.

लिहून झाल्यावर डोक्यातली मराठी वाक्यात शिरली का ते तपासा. 'काल रात्री'चं 'यस्टर्डे नाइट' होतं. हवं 'लास्ट नाइट'. 'जेवण केलं'चं 'आय डिड डिनर' होतं. हवं 'आय हॅड डिनर'. या दोन चुका इतक्या सवयीच्या असतात की मनात वाचताना दिसतच नाहीत, म्हणून ही तपासणीही मोठ्यानं वाचूनच करा.