वीजधरणाखालच्या नदीतले मासे जगवायचे तर काय काय करायचं

तुमच्या गावावरून वीजघरातून सुटलेलं पाणी वाहत असेल तर आधी एवढंच शोधा की नदीला पाणी कधी येतं आणि कधी बंद होतं. कालव्याचं आवर्तन ठरलेलं असतं पण इथे विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं, त्यामुळे दुपारी खडक उघडे आणि संध्याकाळी कंबरभर पाणी असंही होतं. माशांचा घात जास्त करून पाणी झपकन उतरताना होतो, काठाच्या उथळ खाचांमध्ये बारकी पिल्लं असतात ती तिथेच अडकून मरतात.

कोयनेचंच बघा. १०५.२५ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरणातलं ६७.५० टीएमसी पाणी दरवर्षी विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाची परवानगी आहे, ते पोफळीकडून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरतं. म्हणजे खालची कोयना आपल्या पाण्याला मुकते आणि वाशिष्ठीत भर उन्हाळ्यात दुसऱ्या खोऱ्याचं पाणी येतं, दोन्हीकडचं दुखणं वेगळं त्यामुळे मागणीही वेगळी करायला लागते. पूर्वेला धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाचं एक युनिट चालू झालं की नदीत साधारण १०५० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येतं, असे आकडे बातम्यांत येतात ते तारखेसकट लिहून ठेवा.

पुलाच्या खांबावर ऑइलपेंटने फुटाच्या खुणा करा आणि रोज सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर फोटो काढा, पण काठावरूनच, पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. उन्हाळाभराची नोंद झाली की ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर प्रकल्पाच्या कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या. पाणी वाढवून मागण्याआधी ते एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने कमी करा असं मागा, माझ्या मते हे मान्य व्हायची शक्यता जास्त कारण यात त्यांचं पाणी फारसं जात नाही. नदी अगदीच कोरडी पडत असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचा २०१७ चा आदेश जोडा, टंचाईच्या महिन्यांतल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नदीत ठेवा असं त्यात राज्यांना सांगितलंय.

आता डोह. एप्रिल-मेमध्ये मरळ, वाम, शिंगटा, महसीर सगळे डोहातच जीव धरून असतात, तो एक डोह राखला तरी पुढच्या पावसात नदी परत भरते. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर कोणी धरत नाही, ते आजही तिथे आहेत. तुमच्याकडे असं देवस्थान नसेल तर ग्रामसभेचा ठराव करा आणि तो करताना मासेमारीवर पोट असलेल्या घरांना आधी विचारा, नाहीतर ठराव कागदावरच राहतो. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तशी तक्रार पोलिसात करता येते.

जूनमध्ये चढणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर जाणारे, मासे येतात तेव्हा सगळ्यात जास्त जपायला हवं कारण त्यांच्या पोटात गाभोळी (अंडी) असते. धरणाची भिंत ते चढू शकत नाहीत, उरतात फक्त बाजूचे ओढे आणि पऱ्हे, तिथेही आडवं जाळं लावलं तर अंडी घालायला जागाच नाही. निदान अर्धी रुंदी मोकळी सोडा.

आणि कृपा करून बाहेरचं मत्स्यबीज आणून सोडू नका!! लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात तयार झालेलं निळ्या परांचं महसीर कावेरीत सोडलं गेलं, हेतू चांगला होता, पण आज तिथलं मूळचं कुबडवालं महसीर अतिसंकटग्रस्त आहे आणि त्याच्या कारणांत या बाहेरून आणलेल्या महसीरचंही नाव घेतलं जातं. चिलापी, थाई मांगूर तर नकोच.

मार्च ते मे वाळूच्या बेटांवर नदीसुरय आणि टिटवी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, अचानक सुटलेल्या पाण्यात ती वाहून जातात, म्हणून घरटी दिसली की जागा आणि तारीख त्याच पत्रात टाका. खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर बहुतेक पाणमांजर आहे, वनरक्षकाला कळवा.

हे सगळं पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत चढवून घ्या, आंबोलीचं हिरण्यकेशीचं ठिकाण एका छोट्या माशामुळे २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालंय, असा प्रस्ताव तुम्हीही देऊ शकता. नोंद करताना डोहाचं गावातलं नाव, जवळचा गट नंबर आणि माशांची भोई लोक सांगतात तीच नावं लिहा, शास्त्रीय नाव नंतर अभ्यासकाकडून लावून घेता येतं.