बूस्ट वाढला, पिकअप गेला : सुपरचार्जरची गाडी कशी तपासावी

साताऱ्यातल्या एका मित्राकडे सुपरचार्जरची जुनी पेट्रोल गाडी आहे. डॅशबोर्डवर त्याने हौसेने बूस्टचा काटा बसवून घेतलाय. दिवाळीच्या आसपास तो खुशीत म्हणाला, "काटा पूर्वीपेक्षा वर जातोय, इंजिन मोकळं झालंय बहुतेक." त्याच रविवारी आम्ही चौघं कासला निघालो. यवतेश्वरचा घाट ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढायची. त्या दिवशी दोनदा दुसरा टाकावा लागला. काटा वर आणि पिकअप खाली, हे कोडं सोडवताना जे करावं लागलं तेच इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सुपरचार्जर बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिनच्या आरपीएमच्या ठरलेल्या पटीत. दर फेऱ्याला तो ठरावीक हवा इंजिनकडे ढकलतो. इंजिनला त्यातली जेवढी गिळता येत नाही तेवढी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा वाटून देणाऱ्या पाइपात) तुंबते आणि त्या तुंबण्याचा दाब म्हणजे बूस्ट. पाटाला पाणी तेवढंच सोडलंय, पण पुढची मोरी गाळाने अर्धी बुजली, तर पाटात पाणी वर चढलेलं दिसतं आणि उसाला मात्र कमी मिळतं. म्हणून नुसता बूस्ट बघून निदान करू नका. दाब, हवेचं प्रमाण आणि ठरलेला वेग गाठायला लागलेला वेळ हे तिन्ही सोबत बघायचे. उलटही खरं आहे: सायलेन्सरची लाइन मोठी केली की बूस्ट थोडा उतरतो आणि ताकद वाढते. तिथे काटा उतरला म्हणून घाबरून सुपरचार्जर जोरात फिरवणारी लहान पुली बसवायला जाऊ नये.

(टर्बोच्या गाडीत हवेचा पंखा एक्झॉस्टवर फिरतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरलेला दाब राखतो, त्यामुळे हा हिशोब तिला जसाच्या तसा लावू नका. मर्सिडीजच्या काही जुन्या गाड्यांच्या डिकीवर 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं असतं, त्या सुपरचार्जरवाल्या.)

पहिलं काम : हवेचा दाब लिहून ठेवा

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (इंजिनच्या सेन्सरचे आकडे मोबाइलला पाठवणारं यंत्र) लावा आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये पाच आकडे निवडा: आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, हवेचं प्रमाण ग्रॅम प्रति सेकंदात, आणि वेग. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. आता मॅनिफोल्डचा जो दाब दिसतोय तो बाहेरच्या हवेचा. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या जवळपास असतो, सांगलीत ९५, साताऱ्यात ९३, महाबळेश्वरात ८६.

हा आकडा का लागतो? सुपरचार्जर बाहेरच्या दाबाला ठरावीक पटीने वाढवतो. समजा ही पट दीड आहे. मुंबईत मॅनिफोल्डचा एकूण दाब १५२, त्यातून बाहेरचा १०१ वजा केला की बूस्ट ५१ किलोपास्कल. तीच गाडी महाबळेश्वरात नेली की एकूण १२९ आणि बूस्ट ४३. पीएसआयमध्ये हा फरक एकाहून जास्त आहे, आणि गाडीत बिघाड काहीच नाही. सांगलीहून वर फिरायला गेलेला माणूस काटा बघून तिथल्याच गॅरेजमध्ये बेल्ट बदलून येतो, हे मी पाहिलंय. म्हणून वहीत बूस्ट न लिहिता एकूण दाब भागिले बाहेरचा दाब, म्हणजे ती पट, लिहा. पट सारखी असेल तर सुपरचार्जर ठीक आहे.

तापमानही लिहा. थंडीतल्या १४ अंशांच्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी त्याच दाबाच्या हवेत वस्तुमान सुमारे ८ टक्के कमी असतं. काटा जवळपास तिथेच राहतो, गाडी मात्र जड वाटते.

दुसरं काम : एक स्वच्छ धाव

सरळ, सपाट, दुभाजक असलेला, रिकामा रस्ता निवडा. उजाडल्यावरच जा. गाळप हंगामात आपल्याकडे पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा नसताना उभ्या असतात, आणि ही चाचणी जिवापेक्षा मोठी नाही. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा.

इंजिन नीट तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून एक्सलेटर पूर्ण दाबा आणि वेगमर्यादेच्या आत जेवढं नेता येईल तेवढं न्या. तीन धावा घ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं गाडी निवांत चालवा, नाहीतर आतली हवा तापून तिसरी धाव पहिलीशी जुळत नाही.

तिसरं काम : आलेखाचा आकार वाचा

दाब खालपासून वरपर्यंत कमी असेल आणि खालच्या आरपीएमला जास्तच कमी असेल, तर सुपरचार्जरच्या पुढे कुठेतरी गळती आहे, किंवा बायपास व्हॉल्व्ह (बूस्ट नको असतो तेव्हा हवा परत मागे फिरवणारी झडप) पूर्ण मिटत नाही. गळतीचं भोक तेवढंच राहतं आणि आरपीएमसोबत हवा वाढत जाते, म्हणून वर गेल्यावर गळती कमी जाणवते. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बायपासची तपासणी सोपी आहे. त्याची बारीक नळी काढून मेडिकलमधली ६० मिलिलिटरची सिरिंज जोडा आणि दट्ट्या ओढा. दांडा हलला पाहिजे, दट्ट्या धरून ठेवला तर तिथेच राहिला पाहिजे आणि सोडल्यावर टक्कन परत आला पाहिजे.

खाली सगळं ठीक पण ४००० च्या पुढे दाब चढेनासा झाला, तर बेल्ट घसरतोय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. आपल्याकडे उसाचं चिपाड आणि कच्च्या रस्त्याची धूळ यामुळे फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या कितीतरी आधी भरतो. आधी नवा फिल्टर टाका, स्वस्तातलं काम आहे. फरक पडला नाही तर बेल्टची आतली बाजू बघा. ती आरशासारखी चकाकत असेल किंवा तेलाने ओली असेल, तर बेल्ट बदला आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही तपासा. काही गाड्यांत सुपरचार्जरच्या पुलीला एसीसारखा मॅग्नेटिक क्लच असतो. तो लागलाच नाही तर बूस्ट शून्य.

दाब नेहमीपेक्षा जास्त आणि हवेचं प्रमाण कमी, हा मित्राच्या गाडीचा नमुना. पुढची वाट अडलीय, म्हणून धूर बाहेर जाण्याची लाइन तपासली. एक्झॉस्टमधला कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या आट्यात प्रेशर गेज लावला. आयडलला एक-दीड पीएसआय, २५०० आरपीएमला तीनपर्यंत, एवढं चालतं. आमचा हा गेज २५०० ला सहाच्या पुढे गेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याची, जाळी आत वितळून बसली होती. गाडी कित्येक महिने एका सिलिंडरला मिस मारत चालवली होती आणि न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटत होतं. म्हणून कन्व्हर्टर बदलण्याआधी इग्निशन कॉइल बदलली, नाहीतर नवाही तसाच गेला असता.

एक सावधगिरी: ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सरच नाही, तिथे ॲप दाबावरूनच हवेचा आकडा काढतं. या कामात त्यावर विसंबू नका.

गळती शोधायची असेल तर

पाइपलाइन आणि ठिबकच्या दुकानात ६३ किंवा ७५ मिलिमीटरची पीव्हीसी एंड कॅप मिळते. गाडीच्या इनटेक होजमध्ये बसेल ती घ्या, तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. एअर फिल्टर आणि सेन्सरच्या पुढचा होज सोडवून ही कॅप क्लिपने आवळा. इंजिनच्या खालच्या, तेलाच्या चेंबरकडे जाणारी श्वासनळी काढून दोन्ही बाजूंनी बंद करा, नाहीतर ऑइल सील बाहेर येतील. रेग्युलेटर लावून अर्धा बार हवा भरा. त्याहून जास्त अजिबात नको. मग भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. फुगे तर येतीलच, पण त्याआधी नुसत्या डोळ्यांनी बघा: होजच्या तोंडाशी तेलकट धुळीची काळी कड उमटलेली असते. हवेसोबत आलेलं तेलाचं धुकं तिथून बाहेर पडतं आणि त्यावर धूळ बसते. बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे आहेत. क्रँक थोडा फिरवा.

ताकद किती, ते मोजा

डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) नसला तरी चालतं. गाडीचं आणि आत बसलेल्यांचं वजन हवं, आणि ताशी ४० वरून ८० किलोमीटरला जायला लागलेला वेळ हवा. वेग मीटरऐवजी जीपीएसवरून घ्या, मीटर थोडं जास्तच दाखवतं.

गाडी माणसांसकट १६०० किलो. ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, ८० म्हणजे २२.२. दोन्हींच्या वर्गांतला फरक ३७०, त्याला वजनाच्या निम्म्याने, म्हणजे ८०० ने गुणलं की सुमारे २,९६,००० ज्यूल. वेळ ५.२ सेकंद लागला तर भागून ५७ किलोवॅट. हवेचा आणि टायरचा विरोध या वेगाला साधारण ५ किलोवॅट खातो. म्हणजे चाकांवर सरासरी ६२ किलोवॅट, सुमारे ८३ हॉर्सपॉवर. हा त्या आरपीएमच्या पट्ट्यातला सरासरी आकडा आहे, ब्रोशरमधल्या कमाल आकड्याशी त्याची तुलना करू नका. तुलना कालच्या स्वतःच्या गाडीशी करायची.

धाव दोन्ही दिशांना घ्या. डोळ्यांना सपाट वाटणारा १ टक्क्याचा चढ एवढ्या वजनाला अडीच किलोवॅटहून जास्त खातो, आणि तुमचा सगळा बिघाडच कधीकधी तेवढा असतो. टायरची हवा आणि टाकीतलं पेट्रोलही सारखं ठेवा. ताळा म्हणून हवेचं कमाल प्रमाण सव्वाने गुणा: सेकंदाला १२० ग्रॅम असेल तर इंजिन साधारण १५० हॉर्सपॉवर देतंय.

डायनोवर नेलीच, तर 'करेक्शन' (हवामानाच्या फरकाची दुरुस्ती) लावलेला आणि न लावलेला, दोन्ही आकडे मागून घ्या. बऱ्याचदा २५ अंश आणि ९९ किलोपास्कल धरून केलेली ती दुरुस्ती सुपरचार्जरच्या इंजिनाला तंतोतंत लागू पडेलच असं नाही. पुढच्या वेळी त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये जा.

मित्राच्या गाडीला जाळी तुंबलेली असताना ४० ते ८० ला ५.९ सेकंद लागत होते. नवीन कन्व्हर्टर बसल्यावर त्याच रस्त्यावर ५.२. काटा मात्र पूर्वीपेक्षा ५ किलोपास्कलने खाली थांबला, आणि तो बघून मित्राचा चेहरा क्षणभर पडला. मग आम्ही यवतेश्वरला गेलो. गाडी पूर्ण घाट तिसऱ्यातच चढली.