आधी मास्क, मग रेड डॉट

टिपमन ९८ कस्टम या पेंटबॉलच्या बंदुकीवर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन, बसवायचा असेल, तर टेबलावर पहिल्यांदा मास्क आणा. पाने-स्क्रू मागाहून. मास्क घालूनच हॉपर (वरचा गोळ्यांचा डबा) उतरवा, गॅसची टाकी सोडवा, नळी मोकळ्या दिशेला धरून दोन-चारदा ट्रिगर ओढा म्हणजे आत अडकलेला गॅस निघून जाईल, आणि नळीवर कापडी खोळ चढवा. तोवर ॲलन की हातात घेऊ नका.

मग रेल, म्हणजे डॉट अडकवायची बंदुकीवरची पट्टी, बघा. ९८ कस्टमवर अरुंद, ३/८ इंची डव्हटेल प्रकारची रेल असते आणि बाजारातले बहुतेक डॉट रुंद वीव्हर किंवा पिकॅटिनी रेलसाठी बनलेले. म्हणजे मधला ॲडॅप्टर आलाच. वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटरची, पिकॅटिनीची ५.२३, त्यामुळे वीव्हरचा माउंट (डॉटखालची पकड) पिकॅटिनीवर सहसा बसतो, उलटं जमत नाही. ऑर्डर करण्याआधी हे तपासलेलं बरं.

खरी गोम उंचीची. मास्कचा जबडा मध्ये येतो, गाल बंदुकीला टेकतच नाही आणि डोळा डॉटच्या बराच वर राहतो. म्हणून रायझर, म्हणजे डॉट उचलून धरणारा ठोकळा, लागतो. किती उंच, ते कॅटलॉगवरून ठरवू नका. हॉपर परत चढवा, मास्क घाला, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि मग उघडा. लाल ठिपका आपसूक समोर दिसला तर उंची बरोबर. मान वाकडी करावी लागली, किंवा हॉपर आड आला, तर रायझर बदला.

स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचं निळं थ्रेडलॉकर एक थेंब पुरे. लाल लावलंत तर स्क्रू तापवल्याशिवाय निघणार नाही. प्लास्टिकवर मात्र कुठलंच सांडू देऊ नका, तडे जातात. डॉटच्या काचेपुढे पॉलिकार्बोनेटचा छोटा तुकडा लावा. समोरून आलेली एक गोळीही काच फोडते.

मोठं दाखवणारी दुर्बीण मीही हौसेनं लावून पाहिली आहे. काही उपयोग नाही. सेकंदाला ३०० फुटांच्या वेगानं सुटलेल्या गोळीलाही २५ मीटर जायला पाव सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात ती फूटभर तरी खाली येते, शिवाय हवेत भरकटते ती वेगळीच.

मैदानावर गेल्यावर आधी क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग लावून घ्या. बऱ्याच ठिकाणी मर्यादा सेकंदाला २८० फुटांची असते. नेम त्यानंतर जुळवा, कारण वेग बदलला की गोळी पडायची जागाही बदलते. एका गोळीवरून डॉट हलवू नका. २० मीटरवर दहा मारा, त्यांच्या मधोमध ठिपका आणा. बायपॉड (बंदुकीचा दोन पायांचा टेकू) आणि टॉर्च डिकीतच राहू द्या, दुपारपर्यंत हात भरून येतात. ॲलन की आणि डॉटला लागणारा जादा सेल मात्र खिशात हवा. माझा डॉट आदल्या रात्रीपासून चालूच राहिलेला असतो.